शंभर मीटरच्या इतक्या शर्यती कशासाठी?

औंधकर:
परवा सदाशिवपेठी यांनी असे मत मांडले की पॅरालिम्पिकमध्ये अपंगत्वाच्या प्रकारानुसार व तीव्रतेनुसार गट पाडून पुरुषांच्या शंभर मीटरच्या दहाहून अधिक अंतिम शर्यती होतात, तेव्हा २०२४ साली पॅरिसमध्ये भारताने मिळवलेल्या २९ पदकांचे कौतुक बेतानेच व्हावे. पूर्ण अंध धावपटू वाटाड्याच्या हाताला दोरीने जोडून घेऊन कसा धावतो, हे त्यांनी कधी पाहिलेले नसावे. त्याला कृत्रिम पायाचे ब्लेड लावलेल्या धावपटूशेजारी उभे करून काय सिद्ध होणार आहे? कुस्तीत ५७ किलोचा मल्ल १२५ किलोच्या मल्लाशी लढत नाही, म्हणून त्याच्या पदकाला कोणी नावे ठेवत नाही. सचिन खिलारी हाताचे अपंगत्व असणाऱ्यांच्या एफ-४६ गटात १६.३२ मीटर गोळा फेकूनही रौप्यावर थांबला, कारण कॅनडाच्या ग्रेग स्ट्यूअर्टने १६.३८ फेकला. सहा सेंटिमीटरने सुवर्ण हुकते, तिथे खिरापत कसली?

सदाशिवपेठी:
खिरापत हा शब्द आपला, माझा नव्हे. मल्लाचे वजन काटा सांगतो. येथे माणसे ठरवतात, आणि माणसांना फसवता येते. सिडनीत २००० साली बौद्धिक अपंगांच्या बास्केटबॉलमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या स्पेनच्या बारा खेळाडूंपैकी दहा जणांना तसे कोणतेही अपंगत्व नव्हते, आणि त्यांच्या लबाडीपायी या गटातील खऱ्या खेळाडूंना पुढच्या दोन पॅरालिम्पिकना मुकावे लागले. टोकियोत विनोद कुमारला थाळीफेकीच्या, बसून फेकणाऱ्यांच्या एफ-५२ गटात उतरवले, त्याने कांस्य मिळवले, आणि मग त्याला गट देता येत नाही असे सांगून ते रद्द केले. काट्यावर असे होत नाही.

सिंहगड रस्त्यावरची आई:
तुमचे काटे आणि सेंटिमीटर राहू द्या. माझ्या मुलाचा डावा हात जन्मापासून अधू आहे. एका सरकारी रुग्णालयात डॉक्टरांनी त्याला मूठ वळायला सांगितली, मनगटाला कोनमापक लावला आणि ३८ टक्के अपंगत्व लिहून दिले. कायद्याने सवलती चाळीसपासून पुढे. त्या दोन टक्क्यांमुळे जिल्हा स्पर्धेच्या संयोजकांनी त्याला मैदानात उतरू दिले नाही, आणि शाळेच्या कबड्डी संघातही तो कोणाला नको असतो. धडधाकटांत अपंग आणि अपंगांत धडधाकट, असे हे त्रांगडे आहे.

निवृत्त फिजिओ, खडकी:
ताई, आपला संताप रास्त आहे, पण येथे दोन गोष्टींची गल्लत होत आहे. टक्केवारी सवलतींसाठी असते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण ती पाहतच नाही. तेथे एकेका स्नायूची ताकद हाताने अजमावून शून्य ते पाच अशी नोंदवतात, सांध्यांची हालचाल मोजतात, आणि नंतर प्रत्यक्ष खेळतानाही पाहतात. व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये तर खेळाडूगणिक १ ते ४.५ गुण ठरतात आणि मैदानावरील पाच जणांची बेरीज १४ च्या वर जाऊ देत नाहीत, त्यामुळे एक गुणाचा खेळाडू संघाला हवाहवासा होतो. इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल रुग्णालयात १९४८ साली या स्पर्धांचा पाया घालणाऱ्या डॉ. गुटमान यांच्या काळी मज्जारज्जूला इजा कोठे झाली एवढ्यावरच गट ठरत. त्यापेक्षा हे पुष्कळ बरे.

सदाशिवपेठी:
माहितीबद्दल आभार, परंतु विषय पदकांचा होता, रुग्णालयांचा नव्हे.

सिंहगड रस्त्यावरची आई:
पदके काय झाडाला लागतात? मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गला ५० मीटर जलतरणाचे सुवर्ण जिंकले आणि त्यांना अर्जुन जीवनगौरव मिळायला २०२५ उजाडले. तेव्हा आपले बेताचे कौतुक आपल्यापाशीच ठेवा.

कर्णबधिरांचा शिक्षक:
१९४८ चे स्टोक मँडव्हिल सर्वांना आठवते. कर्णबधिरांच्या जागतिक स्पर्धा त्याआधी २४ वर्षे, १९२४ साली पॅरिसला सुरू झाल्या, हे कोणाच्या गावीही नसते. तेथे बऱ्या कानाचाही दोष किमान ५५ डेसिबल असावा लागतो आणि श्रवणयंत्र काढूनच उतरावे लागते. मोजमाप इतके चोख आहे, तरी वर्तमानपत्रात चार ओळी येत नाहीत.

सदाशिवपेठी:
बरे, गट असावेत हे मान्य. इतक्या जणांनी मिळून दामटल्यावर दुसरे काय करणार? तपासणी स्पर्धेपूर्वीच पक्की व्हावी, एवढे तरी माझे म्हणणे शिल्लक ठेवा.

निवृत्त फिजिओ, खडकी:
ते ठेवू. ताई, २०१६ च्या कायद्यात प्रमाणपत्राविरुद्ध अपिलाची तरतूद आहे.

सिंहगड रस्त्यावरची आई:
अपील केले आहे, उत्तर नाही. पण आंतरराष्ट्रीय नियम टक्के पाहत नसतील, तर आमच्या जिल्ह्याचे संयोजक ते का पाहतात, हे आपल्यापैकी कोणी त्यांना विचारणार आहे का?