जिंगमाईची चहाची झाडं खरंच हजार वर्षांची आहेत का?

रानभटक्या
मंडळी, एप्रिलमध्ये कामानिमित्त चीनला कुनमिंगपर्यंत जाणं होतंय, तर तिथून पुढे जिंगमाईच्या डोंगरावर जावं असं डोक्यात आहे, तिथली चहाची जुनी जंगलं २०२३ साली युनेस्कोच्या यादीत आली ना. पण ऑनलाइन बघावं तर जो तो 'हजार वर्षांच्या झाडाचा चहा' विकतोय. आपण मुन्नारला बघतो ते कमरेएवढे मळे, मग चहाचं झाड इतकं जगतं तरी का? आणि गावात बघण्यासारखं काय आहे? कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज लिहा.

कोरा_चहा
जाऊन आलोय, आणि जमत असेल तर जाच.
आधी झाडाचं. चहा हे मुळात झाडच आहे, मळ्यात खुडायला सोपं जावं म्हणून छाटून छाटून बुटकं ठेवतात, नाही छाटलं तर चांगलं उंच वाढतं आणि शेकडो वर्षं जगतं. जिंगमाईत लागवड १० व्या शतकापासूनची मानतात, पण म्हणून आज उभं असलेलं प्रत्येक झाड हजार वर्षांचं होत नाही, जुनं मेलं की त्या जागी नवीन येतंच की. शिवाय जुनी खोडं आतून पोकळ असतात, त्यामुळे वलयं मोजून वय काढता येत नाही. युन्नानमधल्याच फेंगछिंगच्या एका झाडाला ३२०० वर्षांचं म्हणतात तोही अंदाजच. पाकिटावरच्या आकड्याला पैसे मोजू नका.

खरी गोष्ट तिथलं जंगल. आत शिरल्यावर हा मळा आहे हे कळतच नाही, वर मोठमोठ्या झाडांची सावली, खाली चहा, खोडांवर शेवाळ आणि ऑर्किड, फांद्यांवर खेकड्याच्या नांगीसारखं दिसणारं एक बांडगूळ, तेही लोक काढून वाळवून चहासारखं पितात. दोन चहाजंगलांच्या मध्ये मुद्दाम राखलेलं रान आहे, त्याने वारा अडतो आणि कीड इकडून तिकडे जात नाही. हे सगळं बुलांग आणि दाई लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलंय, मला त्याचंच जास्त अप्रूप वाटतं. बुलांग लोक पा आयलेंग या पूर्वजाला चहाचा मूळपुरुष मानतात. तो म्हणे जाताना सांगून गेला की गुरंढोरं ठेवली तर रोगराईत मरतील, सोनंनाणं ठेवलं तर खाऊन संपवाल, म्हणून चहाची झाडं ठेवून जातो. आजही बागेतलं एक झाड देवाचं मानतात आणि त्याची पूजा झाल्याशिवाय वसंतातली खुडणी सुरू करत नाहीत.

गावांपैकी वेंगजी (बुलांग) आणि नुओगांग (दाई) दोन्ही बघा. लाकडी खांबांवरची घरं आहेत, छपराच्या टोकाकडे नीट बघा, बुलांगांच्या घरावर चहाची एक कळी दोन पानं कोरलेली असतात आणि दाईंच्या घरावर बैलाची शिंगं.

ब्रह्मपुत्रेकाठी
मी नोकरीमुळे आसामात असतो म्हणून एक भर घालतो. जिंगमाईची झाडं आणि आपला आसाम चहा एकाच जातीचे, मोठ्या पानाचे. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस या स्कॉटिश माणसाला इथला चहा कळला तो इथल्या सिंगफो आदिवासींमुळे, ते आधीपासून चहा पीतच होते. अजूनही ते भाजलेली पानं बांबूच्या नळीत ठासून चुलीवर धुरावतात, फालाप म्हणतात त्याला. चीनला जाणं जमणार नसेल त्यांनी इथे आसामात मार्घेरिटाकडे यावं. सिंगफोंचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकात कुठेच नसतं याचं फार वाईट वाटतं.

रानभटक्या
दोघांनाही मनापासून धन्यवाद! विकत काय घेऊ? आणि दूध घालून चालतो का तो?

कोरा_चहा
दूध नकोच, चवच मरते. उन्हात वाळवलेल्या पानांचा कच्चा पुएर (युन्नानचा दाबून वडी केलेला चहा) घ्या, वडी साधारण ३५७ ग्रॅमची येते. ५-६ ग्रॅम पानं, १०० मिलि उकळतं पाणी, पहिलं पाणी टाकून द्यायचं, मग दहा-दहा सेकंदांत ओतत राहायचं, तीच पानं सात-आठ वेळा सहज चालतात. आधी कडू लागतो आणि मग आवळ्यावर पाणी प्यावं तसा घसा गोड होतो. आणि वडी दुकानातून घेण्यापेक्षा गावात ज्यांच्या घरी चहा प्यायलात त्यांच्याकडूनच घ्या, बाग बघायची म्हटलं तर बहुतेक जण आनंदाने घेऊन जातात.
कुनमिंगहून जिंगमाईजवळच्या लानसांगला विमान आहे, तिथला विमानतळ २०१७ मध्ये सुरू झालाय, पुढे गाडीने घाट. एप्रिल एकदम बरोबर, खुडणी चालू असते आणि मेपासून पाऊस लागतो.