मदत हवी आहे: २४ ट्यूब्जपैकी एकीत २१३ कॉलनी. ही ट्यूब गाळायची का?

रानजाई

नमस्कार. मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या सेमिस्टरला आहे. प्रोजेक्टमध्ये ई. कोलाय या जिवाणूत रिफाम्पिसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारी म्युटेशन (जनुकीय बदल) किती वेगाने होतात, तो दर काढायचा आहे. गेल्या आठवड्यात पहिली पूर्ण बॅच झाली, आणि आकडे बघितल्यापासून अडकून पडले आहे.

केलं ते असं. ओव्हरनाइट कल्चर खूप पातळ केलं आणि २४ ट्यूब्जमध्ये प्रत्येकी २०० मायक्रोलिटर भरलं. सुरुवातीला ट्यूबमागे साधारण हजारभर जिवाणू. रात्रभर ३७ अंशांवर वाढवलं. सकाळी एकेक ट्यूब पूर्णच्या पूर्ण रिफाम्पिसिनच्या एकेका प्लेटवर पसरली. मोजणीसाठी दोन ट्यूब्ज वेगळ्या राखल्या होत्या, त्यांच्यावरून ट्यूबमागे २० कोटी जिवाणू निघाले. दोन दिवसांनी मोजलेल्या कॉलनी (एकेका वाचलेल्या जिवाणूपासून वाढलेले ठिपके):

सात प्लेट्सवर ०, सहांवर १, तिघींवर २, दोघींवर ३, आणि उरलेल्या सहांवर ४, ५, ८, ११, २६ आणि २१३.

सरासरी ११.९, व्हेरिअन्स (आकड्यांच्या पसाऱ्याचं माप) १८६६. माझे गाईड म्हणाले, २१३ ही उघड चूक आहे, पिपेटिंग नाहीतर कंटॅमिनेशन, ती काढ आणि सरासरी लिही. ती काढली की सरासरी एकदम ३.१ वर येते. एका ट्यूबने उत्तर जवळपास चौपट बदलतं, हेच मला खटकतंय. ट्यूब काढू नये असं आतून वाटतं, पण का, ते सांगता येत नाही. संख्याशास्त्र बी.एस्सी.ला एकच पेपर होता. कुणी नीट समजावेल का? डिझर्टेशनचा मसुदा तीन आठवड्यांत द्यायचा आहे.

आकडेमोड

मी डेटावर काम करतो, जीवशास्त्र माझा विषय नाही. पण आउटलायर, म्हणजे बाकीच्यांपासून फार दूर पडलेला आकडा, ठरवायला ग्रब्ज टेस्ट आहे. तुमच्या आकड्यांवर ती लावली तर २१३ सहज बाहेर पडेल. टेस्टचा निकाल लिहून ट्यूब काढली तर कुणी आक्षेप घेणार नाही असं वाटतं.

प्रयोगवही

थांबा, काढू नका. आधी तीन गोष्टी सांगा.

त्या प्लेटवरच्या कॉलनी दिसायला बाकीच्यांसारख्याच आहेत का? त्यातल्या काही उचलून रिफाम्पिसिनच्या नव्या प्लेटवर रेघाटल्या का? आणि एकाच फ्लास्कमधलं कल्चर दहा-बारा प्लेट्सवर सारखं वाटून पसरायचा कंट्रोल केला का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. तुमचा हात, पिपेट, प्लेट ओतताना औषध नीट मिसळलं की नाही, हे सगळं त्या कंट्रोलमध्ये दिसतं.

बॅचची तारीख आणि प्लेट्सचे फोटो जपून ठेवा.

रानजाई

ताई, कॉलनी एकसारख्याच आहेत, दुसरं काही वाढलेलं दिसत नाही. प्लेट फ्रिजमध्ये आहे, उद्याच रेघाटते. कंट्रोल केलेला नाही, करायचा असतो हेच माहीत नव्हतं.

संख्याशास्त्रकाका

बेटा, तू ज्या जागी अडकली आहेस तिथूनच १९४३ साली जिवाणूंचं आनुवंशिकीशास्त्र सुरू झालं. मी तीस वर्षं कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं, आणि हा प्रयोग दर वर्षी फळ्यावर मांडत आलो. सविस्तर लिहितो.

प्रश्न जुना होता. जिवाणूंवर त्यांना मारणारा विषाणू, म्हणजे फाज, सोडला की बहुतेक मरतात आणि थोडे वाचतात. वाचलेले कसे वाचले? एक म्हणणं असं की विषाणूशी गाठ पडली म्हणून त्यांच्यात प्रतिकार आला. दुसरं असं की प्रतिकार आधीच योगायोगाने झालेला होता, विषाणूने फक्त ते निवडून दाखवलं. नुसती प्लेट बघून दोन्ही सारखंच दिसतं.

साल्वादोर लुरिया मूळचा इटलीतल्या तुरीनचा, शिक्षणाने डॉक्टर. फासिस्ट राजवटीतून निसटून पॅरिसला गेला, १९४० मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा तिथून सायकलने दक्षिणेकडे निघाला आणि शेवटी न्यूयॉर्कला पोचला. १९४३ च्या सुरुवातीला तो इंडियाना विद्यापीठात शिकवत होता. प्राध्यापकांच्या एका नाचाच्या संध्याकाळी त्याचा एक सहकारी स्लॉट मशीनमध्ये नाणी टाकत होता. बहुतेक वेळा हाती काही नाही, आणि मग एकदम नाण्यांचा ढीग. लुरियाला तिथे वाट सापडली: प्रतिकार योगायोगाने आधीच होत असेल तर वेगवेगळ्या ट्यूब्जमध्ये आकडे असेच यायला हवेत. बऱ्याच रिकाम्या, थोड्यांत एखाद-दुसरी कॉलनी, आणि क्वचित एखादीत भरमसाट.

त्याने हे माक्स डेलब्रुकला कळवलं. डेलब्रुक जर्मनीत शिकलेला सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ, नील्स बोरच्या विचारांनी जीवशास्त्राकडे वळलेला, तेव्हा व्हँडरबिल्ट विद्यापीठात होता. त्याने काही दिवसांतच गणित मांडायला घेतलं. दोघांचा निबंध त्याच वर्षी 'जेनेटिक्स' या नियतकालिकात आला. एक वैद्यकातून आलेला, एक भौतिकीतून, आणि निकाल ठरला व्हेरिअन्सवर. १९६९ चं नोबेल दोघांना आल्फ्रेड हर्शीसोबत मिळालं.

आता तुझ्या ट्यूब्ज. औषध लागल्यावर प्रतिकार येत असता तर २० कोटींतल्या प्रत्येक जिवाणूला तीच बारीकशी शक्यता. मग कॉलनींची संख्या पॉइसाँ वाटपाने (दुर्मीळ, एकमेकींशी संबंध नसलेल्या घटनांच्या मोजणीचं वाटप) आली असती, म्हणजे व्हेरिअन्स साधारण सरासरीएवढा. सरासरी ११.९ असताना २१३ तर सोडच, चाळीससुद्धा दिसले नसते, आणि रिकाम्या ट्यूब्ज सात कशा आल्या याचंही उत्तर मिळालं नसतं.

पण म्युटेशन वाढीच्या दरम्यान होत असेल तर ते कधी झालं यावर सगळं ठरतं. गावात एखाद्या आडनावाची दोनशे घरं असली तर आपण म्हणतो, यांचा मूळ पुरुष फार जुना. एकच घर असेल तर बिऱ्हाड नुकतंच आलेलं. तुझ्या २१३ च्या ट्यूबमध्ये म्युटेशन बहुधा शेवटाच्या सात-आठ पिढ्या आधी झालं, ट्यूबमध्ये दहा लाखांच्या आसपास जिवाणू असताना. पुढे तो एकच वंश दुप्पट होत होत दोनशेवर गेला. एक कॉलनीवाल्या ट्यूबमध्ये ते अगदी शेवटच्या दुपटीत झालं. म्युटेशनचा दर दोन्हीकडे तोच, वेळ तेवढी वेगळी.

लुरियाच्याच एका बॅचचे आकडे सांगतो. ८७ ट्यूब्ज, त्यातल्या २९ रिकाम्या. सरासरी २८.६, व्हेरिअन्स ६४३१. तुझ्या आकड्यांची चण हीच आहे.

म्हणून इथे सरासरी हे मापच चुकीचं. आधी घडलेलं एकच म्युटेशन तिला वाटेल तिकडे ओढून नेतं. दर काढायचा तर किती म्युटेशन झाली हे हवं, किती कॉलनी आल्या हे नव्हे. लुरिया आणि डेलब्रुकने त्यासाठी रिकाम्या ट्यूब्ज वापरल्या. म्युटेशनच्या घटना पॉइसाँप्रमाणे पडतात, तेव्हा रिकाम्या ट्यूब्जचं प्रमाण घे, त्याचा नैसर्गिक लॉग काढ आणि उणे चिन्ह काढून टाक. तुझ्याकडे २४ पैकी ७, म्हणजे ०.२९. उत्तर १.२३ : ट्यूबमागे सरासरी सव्वा म्युटेशन. त्याला २० कोटींनी भाग. जिवाणूमागे सुमारे ६ भागिले १०० कोटी. तूच बघ, २१३ काढून २३ पैकी ७ केलं तरी १.१९ येतं. तुझं उत्तर जवळजवळ हलत नाही. ती ट्यूब दराला धक्का देत नाही. पण ती काढलीस की वाटपाचं शेपूट तुटतं, आणि शेपटातच पुरावा आहे.

आकडेमोड

काका, पटलं. ग्रब्ज टेस्ट आकडे नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या) वाटपातून आलेत असं धरून चालते, आणि इथे ते मुळातच तसे नाहीत. माझा सल्ला मागे घेतो. एक विचारू? या वाटपात २१३ एवढा मोठा आकडा येणं कितपत साहजिक आहे?

संख्याशास्त्रकाका

चांगला प्रश्न. या वाटपाचं शेपूट फार सावकाश खाली येतं. मोठ्या आकड्यासाठी ढोबळ नियम असा: एखाद्या ट्यूबमध्ये तेवढ्या किंवा जास्त कॉलनी येण्याची शक्यता म्हणजे ट्यूबमागची म्युटेशन भागिले तो आकडा. १.२३ भागिले २१३, म्हणजे हजारात सहाच्या जवळपास. २४ ट्यूब्ज धरल्या तर अशा सातएक बॅचेसपैकी एकीत एवढी मोठी ट्यूब दिसावी. यात नवल काहीच नाही.

लहान आकडेही पडताळून बघ. १.२३ धरून गणित केलं तर २४ ट्यूब्जमध्ये एक कॉलनीच्या ४.३, दोनच्या २.८ आणि तीनच्या १.९ अपेक्षित आहेत. रानजाईला दिसल्या ६, ३ आणि २. एवढ्या कमी ट्यूब्जवर यापेक्षा चांगला मेळ मागू नये. हे आकडे काढायचं सोपं आवर्ती सूत्र मा, सँड्री आणि सरकार यांनी १९९२ साली दिलं. त्याआधी १९४९ मध्ये ली आणि कौल्सन यांनी वाटप मांडलं होतं. पुढे भारतात येऊन कलकत्त्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये काही वर्षं काम केलेल्या जे. बी. एस. हॉल्डेन यांनीही चाळीसच्या दशकात स्वतःचं उत्तर काढून ठेवलं होतं. ते छापून आलं १९९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर सत्तावीस वर्षांनी. मला या गोष्टीची नेहमी चुटपुट लागते.

प्रयोगवही

काकांच्या रीतीला मर्यादा आहे, तीही लिहून ठेव रानजाई. रिकाम्या ट्यूब्जचं प्रमाण ०.१ ते ०.७ च्या मध्ये असेल तरच ती भरवशाची. तुझं बसतंय. दुसरं, ट्यूब पूर्ण पसरली असेल तरच हे गणित सरळ लागतं. तू पूर्ण पसरलीस हे फार चांगलं केलंस. निम्मीच पसरली असतीस तर रिकाम्या दिसणाऱ्या काही ट्यूब्ज मुळात रिकाम्या नसत्या.

या रीतीत एक नुकसान आहे. ती फक्त शून्य की शून्य नाही एवढंच बघते, बाकीची माहिती वाया जाते. अंतिम आकड्यासाठी मॅक्झिमम लाइकलीहुड (दिसलेले सगळे आकडे ज्या दराने सर्वांत संभाव्य ठरतात तो दर निवडायची रीत) वापर. आर भाषेत त्यासाठी आरसॅल्व्हाडोर नावाचं पॅकेज आहे, लुरियाच्या पहिल्या नावावरूनच. आणि विश्वासमर्यादा (खरं उत्तर ज्या पट्ट्यात असावं तो पट्टा) दिल्याशिवाय दर लिहू नकोस. २४ ट्यूब्जवर रिकाम्यांच्या रीतीने ती ट्यूबमागे ०.६ ते १.९ म्युटेशन एवढी रुंद येते. पुढे दुसऱ्या स्ट्रेनशी तुलना करायची असेल तर कॉलनींच्या सरासरीवर टी-टेस्ट अजिबात लावू नकोस.

मी क्षयावर काम करते, म्हणून हा विषय माझ्या जवळचा आहे. १९७० मध्ये क्षयाच्या जिवाणूंवर हेच दर मोजले गेले: रिफाम्पिसिनसाठी दर पिढीला हजार कोटींत दोनएक, आयसोनियाझिड या क्षयाच्या दुसऱ्या औषधासाठी दहा कोटींत दोन-तीन. फुप्फुसात पोकळी झालेल्या रुग्णाच्या शरीरात जिवाणू एवढे असतात की एकेका औषधाला दाद न देणारे आधीच तयार असू शकतात. दोन्ही औषधांना एकाच वेळी दाद न देणारा सापडणं मात्र फार दुर्मीळ. आपल्याकडे क्षयाच्या रुग्णाला पहिल्या दिवसापासून औषधं एकत्र देतात, त्यामागे हाच हिशेब आहे.

रानजाई

काका, ताई, दोनदा वाचलं, वहीत उतरवलं. आडनावाच्या घरांची गोष्ट वाचल्यावर पहिल्यांदा ट्यूबच्या आत काय झालं ते डोळ्यांपुढे आलं.

आता अडचण वेगळी. सर चिडत नाहीत, पण घाईत असतात. त्यांच्यापुढे हे कसं मांडू? मी त्यांना शिकवायला निघाले असं व्हायला नको.

प्रयोगवही

कंट्रोल कर आणि दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी घेऊन जा. "सर, एका फ्लास्कचे आकडे असे आले आणि वेगळ्या ट्यूब्जचे असे, हे बरोबर वाचतेय का?" एवढंच विचार. लुरियाचा मुख्य पुरावाही हाच होता: एकाच कल्चरचे नमुने घेतले तर व्हेरिअन्स सरासरीच्या आसपास, वेगळी कल्चर घेतली तर कितीतरी पट. कुठलाही चांगला गाईड तो कागद खाली ठेवणार नाही.

रानजाई

नऊ दिवसांनी लिहिते आहे, उशीर झाला.

कंट्रोल झाला. एका फ्लास्कमधून दहा प्लेट्स: ६, १२, ८, १५, ११, १०, ७, १४, ९, १३. सरासरी १०.५, व्हेरिअन्स ९.२. आकडा कॅल्क्युलेटरवर आला तेव्हा लॅबमध्ये एकटीच होते, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. तोच हात, तीच पिपेट, त्याच पद्धतीच्या प्लेट्स. ट्यूब्ज वेगळ्या असताना १८६६ आणि इथे ९.२.

२१३ च्या प्लेटवरच्या वीस कॉलनी उचलून नव्या रिफाम्पिसिन प्लेटवर रेघाटल्या, वीसच्या वीस वाढल्या.

कागद सरांना दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला, मग आपल्या कपाटातून एक जुनी फाइल काढली आणि म्हणाले, ट्यूब राहू दे, आणि अजून चाळीस ट्यूब्ज लाव. तक्त्यात २१३ आता सगळ्यांसोबत आहे.

आज रात्री ती बॅच लावते. एकच विचारायचं राहिलं: एकूण जिवाणू मोजायला मागच्या वेळी दोनच ट्यूब्ज राखल्या होत्या. या वेळी किती राखू?

प्रयोगवही

सहा राख. दोन कमीच होत्या, आणि २० कोटींचा आकडा चुकला की दरही तेवढाच चुकतो. राखलेल्या ट्यूब्ज रॅकच्या एकाच कोपऱ्यातल्या घेऊ नकोस, मधून मधून घे. इन्क्युबेटरमध्ये कडेच्या ट्यूब्ज कधी कधी कमी वाढतात.