देवाधर्माचा विचार एकट्यानंच करावा लागतो का?

झिरोमाईल:
मे महिन्यातली दुपार, लाईट गेली. कूलर थांबला अन् घरात असं सामसूम झालं की भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक मला पहिल्यांदाच ऐकू आली. मनात आलं, रोज देवापुढं हात जोडतो ते मला वाटतं म्हणून, की आईनं शिकवलं म्हणून? पन्नाशी उलटली, हा प्रश्न कधी पडला नव्हता. पुढं नागपूरजवळ माहुरझरीला विपश्यनेचे, म्हणजे मौन पाळून ध्यान करायच्या शिबिराचे, 10 दिवसही केले. आता माझं मत पक्कं आहे : कीर्तन, सत्संग, व्हॉट्सअ‍ॅपवरचे सुविचार, सगळीकडं दुसऱ्याचंच ऐकायचं. स्वतःचं काही सुचायचं तर एकांतच पाहिजे. तुकोबा भंडारा डोंगरावर उगाच जात नव्हते.

तर्रीपोहे:
तिथं रोज संध्याकाळी विपश्यनेचे गुरुजी गोयंकांचं रेकॉर्ड केलेलं प्रवचन ऐकलं की नाही भाऊ? पहाटे 4 ची घंटा दुसऱ्याची, श्वास कसा पाहायचा तेही दुसऱ्यानं सांगितलेलं. मग स्वतंत्र विचार आला कुठून? तोंड बंद, कान उघडे, एवढंच झालं. शिबिर वाईट म्हणत नाही मी. माझीच बायको दोनदा जाऊन आली.

झिरोमाईल:
प्रवचनाचं कबूल. पण नंतर ‘पटलं ना?’ म्हणून कोणी अंगावर येत नव्हतं. मान डोलवायची सक्ती नसली की माणूस खरंच तपासून पाहतो.

इंदोऱ्याची लेक:
दोन खोल्या अन् सात माणसं, अशा घरात वाढले मी. एकांत काय बाजारातून आणायचा? बाबासाहेबांनी 1935 मध्ये येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, दीक्षा घेतली 14 ऑक्टोबर 1956 ला, आपल्याच नागपुरात. मधली 21 वर्षं काय गुहेत बसले होते? सभा, टीका, उत्तर-प्रत्युत्तर, त्यातून विचार घासून निघाला. अन् दीक्षाही लाखोंच्या सोबतीनं.

वर्धारोड:
ताई, बाबासाहेबांच्या घरची, राजगृहातली पुस्तकं विसरल्या का? वाचताना माणूस एकटाच असतो.

इंदोऱ्याची लेक:
काहून? समोर लिहिणारा असतोच ना. त्याच्याशी भांडतच वाचायचं असते.

तर्रीपोहे:
वर्धारोडवाले, तुमच्या सेवाग्रामचंच घ्या. गांधीजींचं सोमवारी मौन असे, पण चिठ्ठ्या लिहून उत्तरं चालूच. अन् प्रार्थना सगळ्यांसोबत.

झिरोमाईल:
ताई, खरं सांगा, सात माणसांच्या त्या घरात तुम्हाला असे प्रश्न पडायचे तरी कधी?

इंदोऱ्याची लेक:
नळ रात्री 2 ला यायचा. ड्रम भरेपर्यंत पायरीवर मी एकटीच, पाइप धरून. तेव्हा पडायचे, हे खोटं नाही बोलणार. पण उत्तर सकाळी आजीशी भांडल्यावरच मिळायचं.

झिरोमाईल:
आजी काय म्हणायची?

इंदोऱ्याची लेक:
‘पाणी भरलं का आधी?’