आरीच्या मनातलं त्याच्या आई-बापानं का सांगावं?

सायली_वाचते

बेंजामिन अलिरे साएन्झ यांची 'ॲरिस्टॉटल अँड दान्ते डिस्कव्हर द सिक्रेट्स ऑफ द युनिव्हर्स' (२०१२) ही कादंबरी आमच्या वाचनगटात या महिन्यात घेतली. गटात बहुतेक अकरावी-बारावीची मुलं. पुस्तक त्यांना आवडलं, मलाही आवडलं. पण शेवटापाशी माझं जे बिनसलं ते अजून बिनसलेलंच आहे, म्हणून हा धागा. पुढे शेवट सांगितला आहे, तेव्हा वाचायची असेल त्यांनी इथेच थांबा.

१९८७चा उन्हाळा, टेक्सासमधलं एल पासो. नदी ओलांडली की मेक्सिको. पंधरा वर्षांचा आरी मेंडोझा एकलकोंडा आणि चिडका आहे. वडील टपाल वाटतात, व्हिएतनाम युद्धावरून परतल्यापासून मिटलेले. मोठा भाऊ तुरुंगात, घरात त्याचा एक फोटोसुद्धा नाही. पोहण्याच्या तलावावर आरीला दान्ते किंताना भेटतो. हा बोलका, कवितावेडा, बुटांचा मनापासून तिटकारा असलेला. 'मी तुला पोहायला शिकवतो' इथून मैत्री सुरू होते. एकदा पावसात, पंख मोडलेलं पाखरू उचलायला दान्ते भर रस्त्यात जातो आणि समोरून गाडी येते. आरी त्याला ढकलतो आणि स्वतःचे दोन्ही पाय मोडून घेतो. मग दान्ते वर्षभर शिकागोला, पत्रं, परत येणं. दान्ते सरळ सांगतो, मला मुलगे आवडतात. आरी म्हणतो, मला नाही. पुढे एका मुलाचं चुंबन घेताना दान्ते चौघांच्या हाती सापडतो, ते त्याला दवाखान्यात न्यावं लागेल इतकं मारतात. आरी त्यातल्या एकाला गाठून त्याचं नाक फोडतो.

आणि मग तो प्रसंग. आई-वडील आरीला समोर बसवतात. बाप सांगतो, दान्तेचं तुझ्यावर प्रेम आहे आणि तुझंही त्याच्यावर आहे, आता पळणं थांबव.

अख्खं पुस्तक आरी आपल्याशी बोलतोय. त्याचा राग, त्याची स्वप्नं, आरशात स्वतःकडे बघणं, सगळं त्याच्याच तोंडून. आणि सगळ्यात मोठं वाक्य मात्र बापाच्या तोंडी. पुढच्या काही पानांत आरी वाळवंटात जाऊन दान्तेचं चुंबन घेतो आणि पुस्तक संपतं. मला हे मान्यच होत नाही. आपल्याकडे मुलाची शाखा, नोकरी, बायको सगळं घरचे ठरवतात, आता त्याचं प्रेमही घरच्यांनीच जाहीर करायचं? हे कितीही मायेनं केलं तरी तो हक्क मुलाचा आहे. गटातल्या एका मुलीनं विचारलं, 'आणि बापाचा अंदाज चुकला असता तर?' याचं उत्तर पुस्तकात नाही.

काळा_चहा

सायलीताई, पूर्ण असहमत.

मी गे आहे, पन्नाशीला टेकलोय, सोलापूरचा. आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मित्र मुक्कामाला आला की आई त्याच्या आवडीची शेंगाचटणी मुद्दाम कुटायची, दोघांची अंथरुणं एकाच खोलीत घालायची, आणि सकाळी चहा देताना विचारायची, 'मग यंदा मुली बघायच्या ना?' माझा मित्र कपाकडे बघत राहायचा. वडील पेपरात तोंड घालून. ते गेले, पण त्यांनी विषय काढला नाही तो नाहीच.

'मुलाला स्वतःला सांगू दे' हे ऐकायला फार सभ्य वाटतं. पण व्यवहारात त्याचा अर्थ असा की सगळा धोका पंधरा वर्षांच्या पोरानं पत्करायचा, आणि मोठ्यांनी 'आमचं दार उघडंच आहे' म्हणत आतल्या खोलीत बसून राहायचं. आरीचा बाप उठून दारापर्यंत येतो. शिवाय येण्याआधी तो स्वतःचं कुलूप काढतो, हे तुम्ही लिहिलं नाहीत. वर्षानुवर्षं व्हिएतनामबद्दल अवाक्षर न काढलेला माणूस आधी युद्धात मागे राहिलेल्या सोबत्याबद्दल बोलतो. स्वतःचं सांगून झाल्यावर मग मुलाचं. यात हक्क हिरावणं कुठे आलं? मला तो प्रसंग वाचून होईपर्यंत चष्मा दोनदा पुसावा लागला.

अनुस्वार

काळा_चहा यांच्याशी सहमत. मराठी वाचकानं ही कादंबरी सचिन कुंडलकरांच्या 'कोबाल्ट ब्लू'शेजारी (२००६) ठेवून बघावी. पुण्यातलं जोशांचं घर, वरच्या खोलीतला भाडेकरू, त्याच्यावर तनयचंही प्रेम आणि त्याच्या बहिणीचं, अनुजाचंही. अनुजा त्याच्याबरोबर निघून जाते तेव्हा घर तिच्यासाठी पेटून उठतं. तनयचंही तेवढंच गेलेलं असतं, पण ते कोणाच्या ध्यानीमनीही नाही. तनयसमोर कोणी असं येऊन बसलं असतं तर?

डॅलसची_मावशी

मला आई-बापापेक्षा १९८७ हे साल खटकलं. मी इथे त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आले, पण माझ्या ऑफिसातल्या जुन्या लोकांनी तो काळ कसा काढला ते ऐकलंय. त्या वर्षी मार्चमध्ये न्यूयॉर्कमध्ये 'ॲक्ट अप' ही एड्सच्या प्रश्नावर लढणारी संघटना उभी राहिली, त्याच महिन्यात एड्सवरच्या पहिल्या औषधाला, एझेडटीला, परवानगी मिळाली. मेअखेरीस राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी या विषयावर पहिलं मोठं भाषण केलं. ऑक्टोबरात वॉशिंग्टनच्या मॉलवर मेलेल्यांच्या नावांची गोधडी अंथरली गेली. आणि टेक्सासात समलिंगी संबंध हा कायद्यानं गुन्हा होता. तो कायदा सुप्रीम कोर्टानं रद्द केला थेट २००३ साली, 'लॉरेन्स विरुद्ध टेक्सास' खटल्यात.

आता सांगा, दान्तेची आई थेरपिस्ट, वडील इंग्रजीचे प्राध्यापक. पेपर वाचणारं घर. मुलगा गे आहे हे कळल्यावर त्या आईच्या पोटात गोळा येऊ नये? ती मारहाणीला घाबरते, पण एड्स हा शब्द तिच्या मनाला शिवत नाही. २०२१ साली आलेल्या दुसऱ्या भागात लेखकानं एड्स आणलाय. म्हणजे पहिल्या भागात जागा रिकामी होती हे त्यालाही जाणवलं असणार. माझी भाची २००९ची. ती हे वाचून म्हणाली, 'मावशी, तेव्हा किती छान होतं गं.' मला तिला बसवून सगळं सांगावं लागलं.

पानगळ

मावशी, सनावळी बरोबर. पण निवेदक कोण आहे ते बघा. जो मुलगा स्वतःच्या भावाबद्दल घरात विचारू शकत नाही, ज्याला स्वतःच्या शरीराची भीती वाटते, तो टीव्हीवरच्या बातम्यांतून एड्स शब्द उचलून आपल्याला ऐकवेल? तो कान बंद करूनच वावरतोय.

दुसरं, साएन्झ यांचा जन्म १९५४चा. काही वर्षं कॅथलिक धर्मगुरू होते, आपण गे आहोत हे उघडपणे बोलायला त्यांना पन्नाशी ओलांडावी लागली. १९८७ त्यांनी तिशीत पाहिलंय, त्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्या दोन पोरांना त्यांनी एक उन्हाळा मरणाविना दिला. गे माणसाच्या कथेत शेवटी कोणीतरी मरतंच, हे वाचून वाचून मी मोठा झालो. मला हे पुस्तक सतराव्या वर्षी हवं होतं.

डॅलसची_मावशी

मरण नको हे मान्य. पण व्हिएतनाम चालतं ना? बापाच्या अंगावरच्या युद्धाचा भार पानोपानी येतो. म्हणजे इतिहासाला घरात प्रवेश आहे, फक्त एकाच इतिहासाला नाही.

उंबरा

सगळे आरी आणि दान्तेवर बोलताय. तुरुंगातल्या भावावर कोणी बोलणार आहे का?

बर्नार्डो तुरुंगात का आहे? पंधराव्या वर्षी त्यानं पैसे देऊन एका वेश्येला नेलं, ती ट्रान्स होती हे कळल्यावर नुसत्या मुठींनी तिला मारून टाकलं. आरीची आई हे त्याला सांगते. आणि नंतर? आरीला भीती वाटते की आपणही भावासारखे आहोत का. आईचं दुःख येतं. सगळ्यांचं दुःख येतं. मेली तिला नाव नाही, चेहरा नाही, तिच्यासाठी कोणी रडल्याची एक ओळ नाही. आरीच्या मुठी आणि भावाच्या मुठी यांची सांगड घालायला लेखकाला एक प्रेत हवं होतं, आणि ते त्यानं आमच्यातलं घेतलं.

मी ट्रान्स आहे. या कादंबरीवरचा चित्रपट (२०२२ साली टोरांटो महोत्सवात पहिल्यांदा दाखवला) एच अल्बर्टो या ट्रान्स दिग्दर्शिकेनं केला, म्हणजे पुस्तक तिलाही जवळचं वाटलं. मलाही तलावाचा भाग जवळचा वाटतो. पण 'किती मायाळू पुस्तक' असं कोणी म्हटलं की मला ती बिननावाची बाईच आठवते. माया कोणाच्या वाट्याला आली ते मोजा.

सायली_वाचते

उंबरा, गटात हा मुद्दा एकाही मुलानं काढला नाही आणि मीही काढला नाही. पुढच्या बैठकीत पहिला हाच घेते. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला तर चालेल का?

उंबरा

जरूर दाखवा.

गोदाकाठ

मी विरोधी सूर लावतोय, राग मानू नका. माझी मुलगी नववीत आहे. असा विषय पुस्तकात असावा की नाही यावर माझा वाद नाही, समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा कलम ३७७ बद्दलचा २०१८चा सुप्रीम कोर्टाचा निकाल मला मान्य आहे. माझा प्रश्न वयाचा आहे. तिच्या शाळेच्या वाचनालयात हे पुस्तक दिसलं, मी चाळलं. दान्तेच्या पत्रांत हस्तमैथुनाचा विषय आहे. दोघं पावसात उघडे होऊन धावतात. गाडीत बिअर आहे, गांजा आहे. मुलगा-मुलीची गोष्ट असती तरी मी हेच विचारलं असतं. तेराव्या-चौदाव्या वर्षी हे हातात द्यावं का? आणि पालकांना न विचारता?

शेल्फ_क्रमांक_सात

गोदाकाठ, मी शाळेतली ग्रंथपाल आहे. तुम्ही सांगितलेलं सगळं पुस्तकात आहे, नाकारत नाही. आमच्याकडे ते नववीपासून पुढच्या मुलांसाठी आहे, आणि मला तीच रेघ योग्य वाटते. पण पालकांना विचारून द्यायचं म्हटलं तर ज्या मुलाला त्याची खरी गरज आहे तो कधीच मागणार नाही. चिठ्ठीवर आईची सही आणायची म्हणजे घरी सांगणंच झालं. आमच्याकडची प्रत वर्षभरात फार वेळा नोंदली गेलेली नाही. पण तिची पाठ सुटलीय, कोपरे मऊ झालेत. मुलं ती उभ्या उभ्या, कपाटामागे वाचतात आणि परत ठेवतात. मी त्या कपाटाकडे मधल्या सुट्टीत फिरकत नाही.

तुमच्या मुलीबरोबर तुम्हीच वाचा. शेवटचा आई-बापाचा प्रसंग तर दोघांनी मिळून वाचावा असाच आहे.

गोदाकाठ

सहीचा मुद्दा पटण्यासारखा आहे. वयाचा अजून पटला नाही. नववी मला लवकरच वाटते.

काळा_चहा

मूळ प्रश्नावर परत येतो. सायलीताई, त्या मुलीनं विचारलं ना, बापाचा अंदाज चुकला असता तर? मला वाटतं त्याचं उत्तर पुस्तकात आहे, आरीच्या ऑफिलिया मावशीच्या प्रकरणात. ती वर्षानुवर्षं एका बाईबरोबर राहिली, म्हणून सगळ्या नातेवाइकांनी तिला टाकलं. तिच्या अंत्यविधीला बाकीचं घराणं फिरकलंसुद्धा नाही. गेले ते आरीचे आई-बाप, आरीला बरोबर घेऊन. हे दोघं नुसता अंदाज बांधत नाहीत. एका माणसाला घराण्यानं कसं एकटं पाडलं हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय आणि मुलाला तेच भोगताना त्यांना बघवत नाही. त्यांना बोलायचा अधिकार तिथून मिळतो.

सायली_वाचते

दादा, हा तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. आणि नेमका इथेच माझा आक्षेप जास्त घट्ट होतो.

आरी लहानपणी त्याच ऑफिलिया मावशीकडे काही महिने राहिलाय. भावाच्या खटल्याच्या वेळी आई कोलमडली होती तेव्हा. मावशीवर त्याचा जीव होता. आणि मावशी कोणाबरोबर राहत होती, घराणं तिच्याशी का बोलत नाही, हे त्याला कळतं ती गेल्यावर. आई-बापाला माहीत होतं आणि त्यांच्या मनात काहीच किल्मिष नव्हतं. मग ही गोष्ट मुलाला दहाव्या वर्षी का सांगितली नाही? बाराव्या? मुलाला भाऊ माहीत नाही, मावशी माहीत नाही, बापाचं युद्ध माहीत नाही. या घरानं त्याच्यापासून सगळं झाकून ठेवलं, आणि त्याला स्वतःचं सांगता येईना तेव्हा तेही घरानंच सांगून टाकलं. मावशी आणि तिची सोबतीण सणावाराला घरी जेवायला येत असत्या, आरीनं त्यांना एकत्र बघितलं असतं, तर ते वाक्य त्याला स्वतःला सुचलं असतं. बाप कितीही मायेनं बोलला तरी तो उशिरा बोलला, आणि ही उशिराची गोष्ट लेखकानं कुठेही पालकांच्या पदरात घातलेली नाही.

काळा_चहा

उशीर झाला हे मान्य. आमच्या घरी तेवढ्या उशिरानंही कोणी बोललं नाही, म्हणून मी बापाच्याच बाजूनं. मुलांची बैठक कधी आहे? यायची परवानगी असेल तर येतो, सोलापूरहून गाडी आहे.