आवड कानानं ठरवायची की अभ्यासानं?

परभणीकर:
शास्त्रीय संगीतात स्वतःची आवड शोधायची असेल तर सुरुवातीला थाट, वादी-संवादी, रागांची नावं असल्या शास्त्राच्या तपशिलात पडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्या मराठवाड्यात मोठ्या मैफली मोजक्याच होतात. त्यामुळं नवा श्रोता मोबाईलवर जे आधी समोर येतं त्यालाच आपली आवड समजून बसतो. त्यापेक्षा एकच राग तीन वाद्यांवर ऐका. यमनच घ्या: हरिप्रसाद चौरसियांची बासरी, विलायत खाँची सतार, झिया मोहिउद्दीन डागरांची रुद्रवीणा. राग तोच राहिल्यानं आपल्याला नेमकं काय भावतं ते उघड होतं. डागरांच्या आलापात, म्हणजे सुरुवातीच्या संथ राग-विस्तारात, ठेका नसतो, एकेक सूर सावकाश उलगडतो. तिथं जीव रमला तर तुम्ही नादाचे. ‘झाला’ म्हणजे शेवटचा जलद, लयदार भाग; त्याची वाट बघत बसलात तर लयीचे. दोन्हींत कमी-जास्त काही नाही.

अंबाजोगाईकर:
वाद्य बदलून ऐकायचं पटलं. नावं नकोत, हे अजिबात पटलं नाही. मारवा आणि पूरिया हे दोन राग बघा. दोन्हींत रिषभ (रे) कोमल, मध्यम (म) तीव्र, पंचम (प) वर्ज्य, म्हणजे घेतच नाहीत. स्वर अगदी तेच. पण मारवा रिषभ-धैवतावर (रे-ध) ठाण मांडतो आणि षड्जावर (सा) येणं लांबवत राहतो. पूरियाचा जीव गंधार-निषादात (ग-नि), तोही मंद्र म्हणजे खालच्या सप्तकात जास्त. हे कुणी सांगितलं नाही तर दोन्ही नुसते ‘संध्याकाळचं काहीतरी गंभीर’ वाटतात. मला मारवा जास्त जवळचा, हे फरक कळल्यावरच उमगलं. आणि शारंगदेवानं ‘संगीतरत्नाकर’ हा संगीतशास्त्राचा ग्रंथ तेराव्या शतकात इथंच, यादवांच्या देवगिरीत लिहिला. इथल्या श्रोत्यानं शास्त्राला का बिचकावं?

परभणीकर:
अभिमान मलाही आहे. पण आधी शास्त्र सांगितलं की नवखा माणूस जाणकाराच्या तोंडाकडं बघून दाद देतो. मग ती आवड त्याची कशी म्हणायची?

धाराशिवची लेक:
तुम्ही दोघंही कोऱ्या कानाचा श्रोता धरून बोलताय. गावाकडं हरिनाम सप्ताहात वाढलेल्या माणसाचा कान कोरा नसतोच हो! पखवाज त्याच्या अंगात भिनलेला असतो. अंबाजोगाईजवळच्या आपेगावचे शंकरबापू आपेगावकर वारकरी परंपरेतूनच आले, पखवाजासाठी पद्मश्री मिळवली. अशा श्रोत्याला थेट सतारीकडं कशाला न्यायचं? पखवाजाचं एकल वादन ऐकवा. चौताल या तालाच्या बारा मात्रा, मागं हार्मोनियमवर लेहऱ्याची, म्हणजे ताल धरून ठेवणाऱ्या सुरावटीची, एकच ओळ फिरत असते. ती ओळ मनात गुणगुणत राहायचं. वादक परणीत, म्हणजे बोलांच्या लांब रचनेत, कितीही लांब जाऊ दे, तालाच्या पहिल्या मात्रेच्या ‘धा’वर येतो तेव्हा आपणही नेमके तिथंच असतो. तो क्षण आवडला की मान आपोआप हलते, कुणाकडं बघावं लागत नाही.

अंबाजोगाईकर:
लेहरा धरून ठेवणं हाच तर अभ्यास झाला, ताई! म्हणजे माझंच म्हणणं आलं. फक्त पुढची पायरी धृपद ही जुनी, गंभीर गायकी असावी. तिथं पखवाज ओळखीचा असतो, आणि आधीच्या लांब आलापात सुरांचीही गोडी लागते.

परभणीकर:
मी तबल्याचं एकल वादन सुचवीन. लयीच्या माणसाला तासभर आलापात बसवलं तर तो उठून जाईल, आणि परत फिरकणार नाही.

धाराशिवची लेक:
माझ्या वडिलांना दोन्ही ऐकवते. ते भजनात पखवाज वाजवतात, राग एकही नावानं ओळखत नाहीत. काय म्हणतात ते इथं लिहीन.