‘सर्व्हायव्हर’ला मराठीत काय म्हणावं? वाचणे, वांचणे आणि तगणे

पुढच्या महिन्यात इथे नाशिकला कॅन्सर झालेल्या मुलांच्या पालकांचा मेळावा आहे. माझी मुलगी तिथे बोलणार आहे. पत्रिकेच्या मसुद्यात तिच्या नावापुढे ‘कर्कविजेती’ असं लिहून आलं. तो कागद माझ्यापुढे सरकवून ती म्हणाली, “आई, हे नको. पण मग काय लिहायचं?” म्हणून ही चर्चा.

सात वर्षांची असताना तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. अडीच वर्षं उपचार चालले. आता ती एकवीसची आहे. ‘सर्व्हायव्हर’चं मराठी करायला बसलो की आपण थेट ढाल-तलवार काढतो: विजेती, योद्धा, झुंजार. पाठीत सुई घालताना ती माझा अंगठा गच्च धरून कुशीवर पडून राहायची. झुंज कसली, पोरीने सोसलं. आणि ती विजेती म्हटली, तर शेजारच्या खाटेवरचा जळगावकडचा मुलगा हरला म्हणायचा का? त्याचे रंगीत खडू अजून आमच्या कपाटात आहेत.

‘कर्करोगमुक्त’ दाखल्यावरचा शब्द वाटतो. ‘बरी झालेली’ साधा आणि चांगला, पण तापातून उठलेलं माणूसही बरंच होतं.

माझं मत ‘वाचलेली’ला. जुन्या मराठीत पुस्तक ‘वाचणें’ आणि जीव ‘वांचणें’ असे लिहायलाही दोन वेगळे शब्द होते. मोल्सवर्थच्या जुन्या मराठी-इंग्रजी कोशात तसेच सापडतात. १९६२च्या लेखननियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले आणि दोन्ही शब्द कागदावर सारखे झाले. व्याकरणाने मात्र फरक जपलाय. ‘मुलीने वाचलं’ आणि ‘मुलगी वाचली’. पुस्तकाच्या वाचण्याला ‘ने’ लागतो, जिवाच्या वाचण्याला लागत नाही. हे क्रियापद अकर्मक आहे. कोणी वाचवलं, कशाने वाचवलं, ते त्यात येत नाही. आमच्या बाबतीत सांगायला गेलं तर यादी संपायची नाही: डॉक्टर, ओळखपाळख नसताना रक्तातल्या प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) देऊन गेलेली माणसं, पहाटे घर सोडून गाठलेली पंचवटी एक्सप्रेस, आणि व्हिन्क्रिस्टिन. कॅन्सरवरचं हे औषध सदाफुलीतून मिळतं. आमच्या दारात सदाफुली कायम होती, कुणी तिच्याकडे लक्ष देत नव्हतं. आता रोज पाणी घालते.

वर्तमानकाळात मात्र व्याकरणही फरक सांगू शकत नाही. एका संध्याकाळी तिला पिवळसर प्लेटलेटची पिशवी लावली होती आणि ती चित्रांचं पुस्तक घेऊन बसली होती. घरून सासूबाईंचा फोन आला. “पोर काय करतेय गं?” मी म्हटलं, “वाचतेय.” पलीकडे एकदम शांत. मग हुंदका ऐकू आला. “वाचतेय ना? बास. मी आत्ताच गंगेवर जाऊन दिवा सोडते.” नाशकात गोदावरीलाच गंगा म्हणतात. मी चूक दुरुस्त केली नाही.

प्रतिसाद (निफाड): ताई, आमच्याकडे ‘तगली’ म्हणतात. डॉगरिज जातीच्या द्राक्षाच्या खुंटावर कलम भरलं आणि डोळा फुटला, तरी द्राक्षवाला लगेच खूश होत नाही. उन्हाळा जाऊ द्या, एक छाटणी जाऊ द्या, मग म्हणायचं, तगलं. माझ्या पुतण्याला लहानपणी हाच आजार होता. त्याची आजी अजून म्हणते, “तगलं माझं पोरगं.”

मूळ लेखिका: दादा, शब्द मनात बसला. ‘वाचली’ एका क्षणाचं वाटतं, ‘तगली’त वर्षं आहेत. ‘रेमिशन’ला, म्हणजे तपासणीत आजार दिसेनासा होतो त्याला, मी ‘उतार पडला’ म्हणते. पण उतार पडल्यावरही कितीतरी वर्षं प्रत्येक रिपोर्टच्या पाकिटात मला एकच शब्द दिसायचा: ‘उलटलं’, म्हणजे आजार परत आला. उपचार संपले म्हणजे सगळं संपलं असंही नाही. डॉनोरुबिसिनसारख्या कॅन्सरवरच्या औषधांनी हृदयाचा स्नायू पुढे कित्येक वर्षांनी कमजोर होऊ शकतो, म्हणून तिचा इको (हृदयाची सोनोग्राफी) अजून ठरावीक काळाने होतो. परळच्या टाटा रुग्णालयात उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१ पासून वेगळं क्लिनिक आहे, ते याचसाठी. उपचारांच्या या उशिरा दिसणाऱ्या परिणामांना, ‘लेट इफेक्ट्स’ना, मला नीट शब्द सापडत नाही. सासूबाई म्हणायच्या, “दुखणं जाताना मागे काहीतरी ठेवून जातं.” याहून नेमकं मला तरी सांगता येत नाही.

पत्रिकेत ‘लहानपणी कॅन्सरमधून वाचलेली’ असं द्यायचं तिने ठरवलंय. ‘तगले’ हा शब्द ती भाषणात घेणार आहे, तुमच्या कलमासकट. तिचा एक प्रश्न आहे. कलम जोडलं जातं तिथे खोडावर जी गाठ राहते, तिला तुमच्याकडे काय म्हणतात? तिच्या गळ्याच्या हाडाखाली, औषधं द्यायला कातडीखाली बसवलेला पोर्ट काढला त्या जागी, तशीच एक आहे.