पॅरिस ते रोम, सासूसासरे सोबत: युरेल पास, गाडी की सुटी तिकिटं?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी, मे महिन्यात युरोप ठरतंय, टूरबरोबर नाही, आपलं आपण. आम्ही दोघं, १० वर्षांची लेक आणि सासूसासरे. सासरे ७२चे, गुडघ्यांमुळे जिना चढताना कठडा धरावाच लागतो त्यांना. पॅरिस ३ रात्री, मग इंटरलाकेन ४, व्हेनिस २, रोम ३ आणि रोमहूनच परत. मधला प्रवास कसा करायचा यावर घरात रोज चर्चा चाललीये, नवरा म्हणतो युरेल पास (अनेक देशांतल्या रेल्वेसाठी एकच पास) काढून मोकळं होऊ, दीर म्हणतात मोठी गाडी भाड्याने घ्या म्हणजे बाबांना चालायला नको, आणि मला विमानं स्वस्त दिसतायत. व्हिसा फ्रान्सचा काढतोय कारण उतरणार तिथेच.

बासेलवासी:
ताई आधी व्हिसाचं बघा, बाकी सगळं नंतर. तुमच्या इटलीत ५ रात्री होतायत, स्वित्झर्लंडमध्ये ४ आणि फ्रान्समध्ये ३. शेंगेनमध्ये (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या या देशांत) जिथे मुक्काम जास्त तिथे अर्ज करायचा, आधी कुठे उतरलात हे फक्त रात्री सारख्या झाल्या तरच बघतात. म्हणजे अर्ज इटलीकडे.

आता ट्रेनचं. तुमचे लांबचे प्रवास मोजून तीन, त्यासाठी युरेल घेऊ नका, कारण पास असला तरी फ्रान्सहून येणाऱ्या तेजेव्हेला (त्यांची फास्ट ट्रेन) आणि इटलीतल्या फास्ट गाड्यांना सीट रिझर्व्हेशनचे वेगळे पैसे पडतातच. सुटी तिकिटं लवकर काढली तर बरीच स्वस्त मिळतात. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनहून बासेल साधारण ३ तास, तिथे बदलून इंटरलाकेन ओस्टला थेट गाडी, २ तास. बदल एकच. पॅरिसला प्लॅटफॉर्म नंबर गाडी सुटायच्या वीसेक मिनिटं आधी लागतो आणि मग सगळे एकदम धावतात, बाबांना आधीच बोर्डाजवळ बसवून ठेवा.

इंटरलाकेन ते व्हेनिस हा खरा दमवणारा दिवस. स्पीझला बदल, मग मिलान, मग व्हेनिस. मिलानला हातात निदान एक तास ठेवा कारण स्वस्त तिकीट त्याच गाडीचं असतं, आधीची लेट झाली की गेलं. व्हेनिस ते रोम मात्र थेट आहे, चारेक तास.

स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखला (बर्फातलं उंचावरचं रेल्वे स्टेशन) जाणार असाल तर हिशोब करून बघा, स्विस ट्रॅव्हल पासवर (देशभर फिरायचा पास) तिथे २५ टक्के सूट आणि हाफ फेअर कार्डावर (अर्ध्या तिकिटाचं सवलत कार्ड) ५० टक्के. लेक १६च्या आतली आहे, फॅमिली कार्ड मागून घ्या, तुमच्या दोघांपैकी एकजण असा पास किंवा कार्ड घेऊन सोबत असला की तिला तिकीट नाही. आणि वर उंची ३४५४ मीटर आहे, सासऱ्यांना न्यायचं तर डॉक्टरांना विचारूनच.

पुण्याची भटकी:
भाड्याच्या गाडीचं दिरांना नीट सांगा प्लीज. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडली की वरचे पैसे भरपूर लागतात, स्विस हायवेला ४० फ्रँकचा विन्येट (टोलचा स्टिकर), व्हेनिसमध्ये तर गाडी आत जातच नाही, आणि इटलीतल्या जुन्या शहरांत झेडटीएल (बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग) असतो, चुकून आत शिरलात की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी. विमान स्वस्त दिसतं पण बॅगांचे पैसे वेगळे, आणि पॅरिसचं म्हणून विकतात तो बोव्हे एअरपोर्ट शहरापासून ८५ किलोमीटरवर आहे.

मी आईला घेऊन गेले होते, तिचेही गुडघे असेच. व्हेनिसला सांता लुचिया स्टेशनबाहेर आलो, हॉटेल नकाशावर अगदी चार मिनिटांवर होतं पण मध्ये स्काल्झी पूल. दगडी पायऱ्या वर, मग तेवढ्याच खाली. मी एक बॅग वर नेऊन ठेवायची, खाली यायचं, दुसरी घ्यायची, आणि आई मधल्या पायरीवर कठड्याला धरून उभी, तोंडाने काही बोलली नाही पण चेहरा बघवत नव्हता. तेव्हापासून मी तिकिटाच्या आधी पायऱ्या बघते. माणशी एकच छोटी बॅग, जी बाबांनाही उचलता येईल, कारण ट्रेनमध्ये चढताना हमाल नसतो.

गोदाकाठ:
बापरे व्हिसाचं वेळेत कळलं, अपॉइंटमेंट उद्याच घेणार होतो. खूप खूप धन्यवाद दोघांना. मग व्हेनिसऐवजी शेजारच्या मेस्त्रेमध्ये राहू का? लिफ्टवाली हॉटेलं तिकडे स्वस्त दिसतायत.

पुण्याची भटकी:
मेस्त्रे चालेल, ट्रेनने दहा मिनिटं, आणि रोमची गाडी तिथेही थांबते. पण थोडे जास्त पैसे देता येत असतील तर सांता लुचियाहून डावीकडे लिस्ता दि स्पान्यावर हॉटेल बघा, तिथवर एकही पूल लागत नाही. फिरायला वापोरेत्तो, १ नंबरची बोट, स्टेशनसमोरूनच मिळते आणि ग्रँड कॅनॉलमधून सावकाश सान मार्कोला नेते. एक तिकीट साडेनऊ युरो, ७५ मिनिटं चालतं. बाबांना पुढे बाहेरची सीट धरून द्या.

बासेलवासी:
+१ लिस्ता दि स्पान्या. बुक करताना लिफ्ट आहे का ते मेल करून विचारा, तिकडच्या जुन्या इमारतींत बऱ्याचदा नसते.